कल चाचणीत न विचारलेला कल

गवतीचहा | सोमवार, रात्री ११:१८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पाककृतींच्या धाग्यांवर कधीमधी "छान दिसतंय" लिहून पळते. हा माझा पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलगे. धाकटा अकरावीत आहे. विसर्जनाच्या रात्री मी मोदकपात्र घासत होते आणि हा ओट्याला टेकून उभा होता. म्हणाला, "आई, मला मुली आवडत नाहीत. म्हणजे तशा नाही आवडत. मुलगे आवडतात." मी म्हटलं, "बरं. ते फडकं दे." खरंच एवढंच म्हटलं. त्याने फडकं दिलं. पात्र पुसून माळ्यावर ठेवल्यावर मला कळलं की आत्ता आपल्याला काय सांगितलं गेलं.

नवऱ्याला आठवड्याने सांगितलं, मुलगा हो म्हणाल्यावर. सासूबाईंना कुणी सांगितलं नाही, त्यांनी ऐकलं. वन बीएचकेत दुसरं काय होणार! तेव्हापासून घरात एकच खटला चालू आहे, हे कशामुळे झालं. सासूबाईंचा आरोपी ठरलेला आहे. हा दोन वर्षांचा असताना मी हौसेने फ्रॉक घालून, टिकली लावून त्याचा फोटो काढला होता, तो फोटो. (अल्बममधून तो सध्या गायब आहे.) नवऱ्याच्या मते मोबाइल आणि वेब सिरीज. जाऊबाई म्हणतात, फक्त मुलांच्या शाळेत घातलंत तिथेच चुकलं. आणि रात्री दोन वाजता आरोपीच्या पिंजऱ्यात मी असते. तो तिसरी ते सहावी असताना ह्यांची बदली नाशिकला होती, मुलाला बापाचा सहवास कमी पडला आणि मी त्याला फार जवळ घेतलं, असं मनात येतं.

तर प्रश्न असा की वाढत्या वयात घर, शाळा, मित्र, शहर, आपली संस्कृती यांचा लैंगिक कलावर खरंच किती परिणाम होतो? "त्याच्यावर प्रेम करा" हा सल्ला नको, ते चालूच आहे. मला माहिती हवी आहे.

शीर्षकाचं म्हणाल, तर मोठ्याच्या वेळी दहावीला सरकारी कल चाचणी होती. निकाल आला "गणवेशधारी सेवा". तो आता ॲनिमेशन शिकतोय.

कोपरखैरणे_फास्ट | सोमवार, रात्री ११:३१

पहिला! धागा पेटणार, मी शेंगदाणे घेऊन बसतोय.

ताई, थट्टा सोडा. मुलाला विचारून लिहिलंत ना?

गवतीचहा | सोमवार, रात्री ११:४०

विचारून. म्हणाला, "तिथे बिनधास्त लिही, तिथे सगळे काका-काकूच असतात."

कोपरखैरणे_फास्ट | सोमवार, रात्री ११:४२

हे लागलं.

नाना_पार्लेकर | मंगळवार, सकाळी ६:०५

ताई, तुमच्या धीराचं कौतुक आहे. माझं वय ७४, त्यामुळे जरा जुन्या वळणाचं लिहितो, राग मानू नका. वातावरणाचा परिणाम होत नाही हे माझ्या बुद्धीला पटत नाही. मूल भाषा वातावरणातून उचलतं, खाणं उचलतं, शिव्या उचलतं, देव उचलतं. मग हीच एक गोष्ट आकाशातून पडते काय? अमेरिकेतले आकडे मी वाचले आहेत. गॅलपच्या पाहणीत २०१२ साली ३.५% प्रौढ स्वतःला समलैंगिक, उभयलैंगिक किंवा ट्रान्सजेंडर म्हणवत होते, २०२४ साली ९.३%. बारा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. बदललं ते वातावरण. ही सगळी पश्चिमेकडून आलेली हवा आहे, असं माझं मत.

सांख्यिकी_वहिनी | मंगळवार, दुपारी १:२०

डबा खाता खाता लिहितेय. (कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. ठाण्याला राहते म्हणून मला मुंबईकर मानत नसाल तर तो वेगळा धागा काढा.)

नाना, तुमचं निम्मं बरोबर आहे, पण "वातावरण" या शब्दातच गोची आहे. आपण वातावरण म्हटलं की संस्कार, आईबाप, शाळा, टीव्ही धरतो. संशोधक वातावरण म्हणतात तेव्हा त्यांना "जनुकं सोडून बाकी सगळं" एवढंच म्हणायचं असतं.

हे मोजतात जुळ्यांवरून. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास सारखी, द्विबीज जुळ्यांची साधारण निम्मी सारखी, आणि घर दोन्हीकडे एकच. मग कोणत्या जोड्या एकमेकांशी किती जुळतात ते बघायचं आणि त्यातून वाटे काढायचे. स्वीडनमध्ये सरकारदरबारी जुळ्यांची नोंदच असते. तिथल्या ३,८२६ जोड्यांचा अभ्यास २०१० साली छापून आला. पुरुषांत जनुकांचा वाटा निघाला ३४ ते ३९%. एका घरात वाढण्याचा, म्हणजे तीच आई, तोच बाप, तीच आजी, तीच शिस्त, त्याच पोळीभाजीचा वाटा निघाला शून्य. थोडाथोडका नाही, शून्य.

उरले ६१ ते ६६%. त्याला "व्यक्तिगत वातावरण" असं भारदस्त नाव आहे, पण खरं सांगायचं तर ती आमच्या शास्त्रातली अडगळीची खोली आहे. ज्याचा हिशोब लागला नाही ते सगळं तिथे टाकतात. गर्भाशयात कुणाला कशी जागा मिळाली, कुठलं संप्रेरक कधी किती पोचलं, निव्वळ योगायोग, शिवाय फॉर्म भरताना झालेल्या चुकाही. म्हणून "साठ टक्के वातावरण" असा मथळा दिसला की लोक संस्कारांकडे बोट दाखवतात, आणि नेमक्या त्याच रकान्यात पुरुषांच्या बाबतीत भोपळा आहे.

जनुकांचंही तसंच. २०१९ साली जवळपास पाच लाख लोकांची जनुकं तपासली, मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेतल्या. "गे जनुक" असं एक काही सापडलं नाही. बारीक बारीक परिणाम करणारी असंख्य ठिकाणं आहेत. त्यांचा एकत्रित वाटा ८ ते २५% च्या घरात, आणि त्यावरून एखाद्या मुलाबद्दल काहीही सांगता येत नाही.

बेल झाली. फ्रॉकबद्दल संध्याकाळी.

नाना_पार्लेकर | मंगळवार, दुपारी ३:१०

आभारी आहे. पुरुषांत भोपळा म्हणालात. बायकांत?

सांख्यिकी_वहिनी | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

पकडलंत. बायकांत एका घराचा वाटा १६ ते १७% निघाला, जनुकांचा १८ ते १९%. म्हणजे स्त्रियांच्या बाबतीत चित्र जरा सैल आहे, हे मान्य करायलाच हवं. लिसा डायमंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी साधारण ८० तरुण स्त्रियांशी दहा वर्षं संपर्क ठेवला होता. त्यांतल्या दोन तृतीयांश जणींनी या काळात स्वतःला लावलेलं नाव किमान एकदा बदललं. पण बदल होतो याचा अर्थ कुणी बाहेरून बदलवू शकतं असा नाही. पाऊस लहरी असतो, म्हणून तो महापालिकेच्या हुकमाने पडत नाही.

आता फ्रॉक. गवतीचहा, हे सासूबाईंना वाचून दाखवा. जन्मतः किंवा तान्हेपणी झालेल्या शारीरिक अडचणीमुळे काही मुलग्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया करून मुलगी म्हणून वाढवलं गेलं. मुलीचं नाव, मुलीचे कपडे, सगळं. बेली आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली अशी सात उदाहरणं एकत्र मांडली. मोठेपणी सातही जणांची ओढ पूर्णपणे किंवा मुख्यतः बायकांकडेच होती. एका फोटोपुरत्या फ्रॉकचं काय घेऊन बसलात!

आणि एक गंमत. ज्या एका "वातावरणा"चा पुरावा पुन्हा पुन्हा सापडतो, ते म्हणजे आईचं पोट. मोठे सख्खे भाऊ जितके जास्त, तितकी धाकट्याची समलैंगिक असण्याची शक्यता थोडी वाढते, दर भावामागे सुमारे एक तृतीयांशाने. दत्तक किंवा सावत्र भावांमुळे वाढत नाही, आणि सख्खे भाऊ वेगळ्या घरात वाढले तरी वाढते. म्हणजे कारण घरात नाही, गर्भात आहे. मुलग्याच्या गर्भारपणात आईच्या शरीरात काही प्रतिपिंडं तयार होत असावीत, असा तर्क आहे. पण एक तृतीयांश ऐकून दचकू नका. शंभरातले दोन असतील तर पावणेतीन होतात, इतकंच.

गवतीचहा | मंगळवार, रात्री १०:०२

वहिनी, दोनदा वाचलं. माझा हा दुसरा. म्हणजे शेवटी आरोपी मीच, फक्त वेगळ्या कलमाखाली. (हसतेय, काळजी नको.)

दशावतारी | मंगळवार, रात्री १०:३०

नानांच्या ३.५ आणि ९.३ वर माझे दोन पैसे.

आम्ही मूळ कणकवलीचे, आता भांडुप. घरात मालवणीच बोलतो. पण जनगणनेचा माणूस दारात आला की आमचे बाबा मातृभाषा सांगतात मराठी. फॉर्मवर उद्या मालवणीचा ठसठशीत रकाना आला आणि मालवणी लिहिण्यात कुणाला कमीपणा वाटेनासा झाला, तर आकडा किती पटींनी वाढेल? मग काय, मालवणी साथीसारखी पसरली म्हणायचं? नाना म्हणतात ते खरं, बारा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. उत्तर द्यायची भीती बदलते.

आणि कपड्यांनी कल बदलत असता तर आमचा अख्खा सिंधुदुर्ग कामातून गेला असता. दशावतारात पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच लुगडं नेसून उभे राहतात. माझा चुलतमामा अठरा वर्षं द्रौपदी करायचा. चालणं-बोलणंसुद्धा तसंच झालं होतं, शेतात नांगर धरला तरी मान वेळावायचा. त्याला पाच पोरं. तुमच्या मुंबई-पुण्याच्या बालगंधर्वांच्या साडीची तर फॅशन व्हायची म्हणे. रंगभूमीवर निम्मं शतक बाप्यांनी बायकांचं काम केलं, त्याने महाराष्ट्राचा कल हललेला ऐकिवात नाही.

निळीशाई | बुधवार, दुपारी ४:५०

मी शाळेत समुपदेशक आहे. दोन शाळांमध्ये आळीपाळीने जाते. एक पश्चिम उपनगरातली इंग्रजी माध्यमाची, महागडी. दुसरी मध्य मुंबईतली मराठी माध्यमाची, फी जवळपास नाहीच. अंतर लोकलने पस्तीस मिनिटं, पण संस्कृतीचा परिणाम बघायचा तर तो या पस्तीस मिनिटांत बघावा.

पहिल्या शाळेत नववीतली मुलगी माझ्यासमोर पाय हलवत बसते आणि सांगते, "मिस, आय थिंक मी बाय आहे, पण कदाचित पॅन असेन, अजून फिगर आउट करतेय." (बाय म्हणजे मुलगे-मुली दोन्ही आवडणारी, पॅन म्हणजे समोरचं माणूस मुलगा की मुलगी हे न बघता आवडणारी.) सगळं शब्दभांडार तयार. यातली काही लेबलं दोन वर्षांनी गळून पडतात, काही टिकतात. आणि हो, मैत्रिणींच्या गटात एकीने म्हटलं म्हणून दुसरीने म्हटलं, असंही मी पाहिलंय. ते नाकारणार नाही. चौदाव्या वर्षी मुलं सगळंच अंगाला लावून बघतात, कविता करतात, नास्तिक होतात, मांसाहार सोडतात. त्याने घाबरायचं कारण नाही आणि टाळ्या वाजवायचंही नाही. ऐकून घ्यायचं.

दुसऱ्या शाळेत हे शब्दच नाहीत. तिथे आहेत ते छक्का, मीठा, बायल्या, गुड. म्हणजे शिव्या आहेत, नावं नाहीत. मी तिथे पुठ्ठ्याची प्रश्नपेटी ठेवते, नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. बहुतेक चिठ्ठ्या पिंपल्स, उंची आणि "पाळी आली की लोणच्याला हात लावला तर" अशाच असतात. दोन वर्षांपूर्वी एक चिठ्ठी निघाली, आठ घड्या घातलेली, गणिताच्या वहीचा कोपरा. वर अर्धवट खोडलेलं वर्गसमीकरण आणि खाली लिहिलेलं: "मॅडम मला मित्र आवडतो. पण मी तसा नाही. मग मी कसा?"

त्या मुलाला आपल्याला काय वाटतं ते नेमकं ठाऊक होतं. "तसा" म्हणजे त्याच्या डोक्यात एकच चित्र होतं, सिग्नलवर टाळ्या वाजवणारं किंवा विनोदी कार्यक्रमात साडी नेसून हशा मिळवणारं. ते चित्र आपलं नाही हे त्याला समजत होतं. मग उरलं काय, तर "कसा?"

मी पुढच्या तासाला चिठ्ठीचा उल्लेख न करता सगळ्या वर्गाला तीन वेगवेगळ्या गोष्टी समजावल्या. शरीर कसं आहे ही एक गोष्ट. आपण स्वतःला मुलगा समजतो, मुलगी समजतो की आणखी काही, ही दुसरी. कोण आवडतं ही तिसरी. चालणं, आवाज, कपडे यांचा तिसरीशी संबंध असेलच असं नाही. वर्ग खिदळला. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा खिदळला नाही. तो असेल किंवा नसेल, मी शोध घेतला नाही.

अवांतर: २००७ साली राज्याने शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला विरोध करून तो बंद पाडला तेव्हा मी डी. एड. करत होते. आम्हाला दिलेली पुस्तिका कपाटात गेली ती गेलीच.

संपादक_मंडळ | बुधवार, संध्याकाळी ६:१५

या धाग्यावरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. मतभेद चालतील, कुणाच्या मुलाबद्दल घाणेरडं लिहिलेलं चालणार नाही.

रद्दीवाला | बुधवार, रात्री ९:००

नानांच्या "पश्चिमेकडून आलेली हवा" या वाक्यासाठी थोडी रद्दी उपसतो.

पश्चिमेकडून आलं ते समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७, इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतून. आणि याच मुंबईत १९२७ पासून रघुनाथ धोंडो कर्वे "समाजस्वास्थ्य" मासिक मराठीतून काढत होते, १९५३ मध्ये जाईपर्यंत. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते आडपडदा न ठेवता उत्तरं देत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली तो कर्व्यांच्या बाजूने लढवणारे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. प्रश्नांमध्ये समलिंगी संबंधांचा विषयही होता. लोक अशा शंका विचारतात तर ज्ञानाने उत्तर द्यायला हवं, विषय लैंगिक आहे एवढ्यानेच तो अश्लील ठरत नाही, अशी त्यांची भूमिका. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

तेव्हा नाना, नव्वद वर्षांपूर्वी मुंबईच्या कोर्टात दोन मराठी माणसं यावर उभी होती. हवा इथलीच आहे, खिडक्या बंद होत्या.

खिडकीतली_जागा | गुरुवार, रात्री १२:४०

झोप येत नाही म्हणून लिहितो. मी ३९ वर्षांचा आहे, चिंचपोकळीच्या चाळीत वाढलो. बाबा गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर नव्हते. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा जण, रात्री मी गॅलरीत. मला वातावरणाने समलैंगिक केलं असेल तर त्या वातावरणाला मानलं पाहिजे, कारण सगळा जोर दुसऱ्या बाजूला होता. दहीहंडीचं पथक, तालीम, कबड्डी, खालच्या नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींवर शेरे. मी सगळ्यात होतो. शेरे मारण्यातसुद्धा होतो, आणि मोठ्याने मारायचो.

एक गोष्ट मात्र आपल्याकडची खास आहे. पथकातल्या ज्या मुलावर माझा जीव होता, त्याच्या खांद्यावर हात टाकून मी लालबाग ते गिरगाव चौपाटी चालत गेलोय, अनंत चतुर्दशीला, हजारो लोकांत. कुणी वळून पाहिलं नाही. मुलीबरोबर तसा चाललो असतो तर चाळीत पोचण्याआधी बातमी पोचली असती. म्हणजे संस्कृतीने मला जवळीक दिली होती, पण तिला काही म्हणायची सोय दिली नव्हती. त्या मुलाला ती मैत्री वाटत होती, ती त्याच्या बाजूने होतीही. मलाच एकट्याला ठाऊक होतं की माझ्या हाताचं वजन वेगळं आहे.

सतराव्या वर्षी मी एका साप्ताहिकात डॉक्टरांच्या सल्ल्याच्या सदरात वाचलं: "ही सवय आहे, योग्य वयात विवाह केल्यास सुटते." सवय! मी कुणाचा हातसुद्धा धरला नव्हता. मग शिकवणीचे पैसे साठवून मी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांचं नाव किंवा ठिकाण लिहीत नाही. सहा महिने गोळ्या दिल्या, मनगटाला रबरबँड बांधायला सांगितला आणि "तसा" विचार आला की ओढून सोडायचा. बारावीच्या प्रॅक्टिकलला बाईंनी विचारलं, मनगटाला काय झालं. म्हटलं, उवा मारायचं औषध सांडलं. काय सुचेल ते बोलतो माणूस.

हे २००३-०४ सालचं. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी १९७३ मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. आणि त्याच १९९० मध्ये माझ्याच शहरात अशोक राव कवी "बॉम्बे दोस्त" हे समलैंगिकांचं नियतकालिक काढत होते, १९९४ पासून त्यांच्यासाठी काम करणारा सांताक्रूझचा हमसफर ट्रस्ट उभा होता. चिंचपोकळीपासून सांताक्रूझ किती लांब आहे? पण ती माहिती इंग्रजीत होती आणि मी मराठीत होतो. मला वाटतं वातावरण म्हणतात ते हे. माझा कल त्याने ठरवला नाही. मला शब्द कितव्या वर्षी सापडणार आणि तोपर्यंत मनगटाचं काय होणार, ते त्याने ठरवलं. मला शब्द सापडला तेविसाव्या वर्षी, कॉल सेंटरमध्ये, नाइट शिफ्टला.

आता नियम बदललेत. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली हा आजार नाही असं जाहीर केलं, त्याच वर्षी ६ सप्टेंबरला ३७७ चा फास सुटला, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असले "उपचार" म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. ताई, कुणी नातेवाईक "एक चांगले डॉक्टर आहेत" म्हणाले, तर एवढं लक्षात ठेवा.

गवतीचहा | गुरुवार, सकाळी ७:१०

वाचलं. डबे भरायचे थांबले होते. रात्री लिहिते.

सांख्यिकी_वहिनी | गुरुवार, दुपारी १:१५

खिडकीतली_जागा, तुमच्या प्रतिसादानंतर आकडे लिहायचं जिवावर येतं, पण एक लिहितेच, कारण मूळ प्रश्नाचं ते सगळ्यात भक्कम उत्तर आहे. घराचा परिणाम कुठे मोजता येतो? २००९ साली अमेरिकेत केटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी समलैंगिक आणि उभयलैंगिक तरुणांना विचारलं की किशोरवयात घरच्यांनी किती झिडकारलं. ज्यांना फार झिडकारलं होतं त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण, फारसं न झिडकारलेल्यांच्या तुलनेत, ८.४ पट होतं. तीव्र नैराश्याचं ५.९ पट. मारहाणच लागते असं नाही, मित्रांना भेटू न देणं, विषय काढू न देणं, "लोक काय म्हणतील" हेही त्या मोजणीत येतं.

कुणाला गरज असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात.

नाना_पार्लेकर | गुरुवार, रात्री ८:३०

दोन दिवस लिहिलं नाही. माझी सगळी मतं बदलली असं समजू नका. शाळकरी पोरांच्या हातात इतके शब्द द्यावेत का, याबद्दल मी अजून साशंक आहे.

पण एक आठवलं. माझा एक आतेभाऊ होता, त्याला बापू म्हणू. गिरगावात राहायचा, पोस्टात नोकरी, लग्न केलं नाही. त्याच्याबरोबर त्याचा मित्र राहायचा, एकूण ३८ वर्षं. आमच्या घरी मंगलकार्याच्या पत्रिकेवर आई लिहायची, "चि. बापू आणि मित्र". त्या मित्राचं आडनाव मला आजही माहीत नाही. कुणी कधी वाईट बोललं नाही, आणि कुणी कधी काही विचारलंही नाही. आम्हाला वाटायचं आपण किती समंजस.

बापू गेला तेव्हा इस्पितळात कागदावर सही कोणी करायची असा प्रश्न आला. मी दुपारी पोचलो. तोवर त्या गृहस्थांनी बापूचा चष्मा, पासबुक आणि कवळीची डबी रुमालात बांधून ठेवली होती. रुमाल माझ्या हातात दिला. रजिस्टरमध्ये आणणाऱ्याचं नाव आणि नातं असा रकाना होता. मी वाकून पाहिलं. नात्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, "शेजारी".

तेराव्याला ते शेवटच्या पंगतीला बसले. मीच वाढत होतो. जिलबी घ्या म्हटलं, तर म्हणाले, "बापूला चालायची नाही, मलाही सवय गेली."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पश्चिमेच्या हवेबद्दल मी लिहिलं ते रद्दीवाल्यांनी खोडलंच आहे. त्यावर माझा पास.

दशावतारी | गुरुवार, रात्री ८:५२

नाना, दंडवत.

निळीशाई | गुरुवार, रात्री ९:२०

तो रकाना अजून तसाच आहे, नाना. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं संसदेवर सोडलं. आज बापू गेले असते तरी बहुधा "शेजारी"च लिहावं लागलं असतं.

गवतीचहा | शुक्रवार, रात्री १०:४५

सगळ्यांचे आभार. कुणाकुणाचे मानू? नानांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. वाचून तो गॅलरीत गेला, वाळलेले कपडे काढले, त्यांच्या घड्या घातल्या (हे तो कधीच करत नाही) आणि धाकट्याला म्हणाला, "रविवारी मॅच बघायला तुझ्या मित्रांना बोलव." मुलगा म्हणाला, "कुठले मित्र?" तर म्हणाला, "असतील ते." सध्या एवढंच.

सांख्यिकी वहिनींचा फ्रॉकचा परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखवला. परदेशातल्या सात जणांवर त्यांचा विश्वास बसला नाही. म्हटलं ठीक. मग मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली आणि जुना अल्बम शोधला, मोठ्याच्या वेळचा. तो फ्रॉक माझा नव्हताच. नणंदेच्या मुलीचा होता, पिवळा, छातीवर बदकाची नक्षी. आमच्याकडे काहीही वाया जात नाही. मोठा दीड वर्षांचा असताना तोच फ्रॉक, तीच टिकली, आणि फोटो काढलाय खुद्द सासूबाईंनी, मागे त्यांच्याच अक्षरात तारीख. त्या मोठ्याची मैत्रीण गेल्याच महिन्यात आमच्याकडे थालीपीठ खाऊन गेली.

फोटो सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिल्या. मग उठून त्यांच्या गोदरेजच्या कपाटातून, साड्यांच्या खालून, धाकट्याचा गायब झालेला फोटो काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले.

"मोठ्याला तो नीट बसला नव्हता," म्हणाल्या.